भिंत पक्की

दारुखान्यात, तिसऱ्या गल्लीत, बाराव्या घराला
भिंत नाही, जहाज आहे.
म्हणजे तोडलेल्या जहाजाचा पत्रा, बोटभर जाड, रिबिटांसकट,
आणि वरच्या कोपऱ्यात एक गोल खिडकी
जिच्यातून कुणीतरी कधीतरी समुद्र पाहिला असेल.
आता समोरच्या भंगारवाल्याचा वजनकाटा दिसतो.

रकाना चार : भिंत. कच्ची की पक्की?
शकूरनबी म्हणाल्या, ठोकून बघ ना.
मी ठोकलं.
रिकाम्या पिंपासारखं काहीतरी वाजलं, बराच वेळ.
पक्की, मी लिहिलं.
गरिबीचे सहा गुण गेले.

रकाना नऊ : फ्रिज.
आहे. आत तांदूळ, उंदरांपासून लपवलेले,
छातीचा एक्स-रे, रेशनकार्ड,
नवऱ्याचा चष्मा, एका काडीचा.
चालू की बंद, असं अर्ज विचारत नाही.
आहे की नाही, एवढंच.
आहे.
आणखी पाच.

मला घरामागे बावीस रुपये मिळतात,
चहा आपला आपण.
पहिल्याच रात्री मी अर्ज पेन्सिलीने
माझ्याच घराला लावून पाहिला.
बेचाळीसच्या वर मदत. मला एकोणचाळीस पडले.
तीन गुणांनी मी सुखवस्तू.
नवऱ्याला उठवून सांगावंसं वाटलं, पण त्याची पहाटेची पाळी होती.

एका घरात टीव्हीवर चादर टाकली होती,
आणि चादरीखाली मालिकेतली सासू
सुनेला घराबाहेर काढत होती.
आम्ही सगळ्यांनीच ऐकू न आल्यासारखं केलं.
रकाना दहा : नाही.
ही एक चूक मी केली. अजून केल्या असतील.

दामोदर खरटमल यांनी मात्र उलट केलं.
सरकार घरी येतंय म्हणून
शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या, पुसून ठेवल्या.
खुर्च्यांचेही गुण जातात.
मी म्हटलं, काका, परत देऊन या, मी पाच मिनिटं बाहेर थांबते.
ते गोंधळले.
"मग तुम्ही बसणार कुठे?"

शनिवारी व्यायामशाळेत सभा.
साहेब म्हणाले, अर्ज बाजूला ठेवू,
तुमच्यातलं सगळ्यात गरीब कोण, तुम्हीच सांगा.
पंखा फिरत होता. डंबेल्स रांगेत.
इथे उधारी कुणाची किती, हे किराणेवाल्यालाही तोंडपाठ,
पण सांगायचं म्हटल्यावर
जो तो आपापल्या चपला पाहू लागला.
शेवटी पोन्नम्मा उठली.
"मला लिहा. पण यादी भिंतीवर लावणार ना?
मग वर नको. खाली कुठेतरी घाला.
पुढच्या महिन्यात पोरीला बघायला येतायत."
कुणी हसलं नाही.
साहेबांनी टॅबमध्ये पाहिलं. टॅब
गुणांप्रमाणेच लावतो, वरून खाली.

यादी आली. एकतीस नावं.
अख्ख्या गल्लीत कागद ओला न होणारी जागा एकच,
शकूरनबींची भिंत, वर ताडपत्रीचा पदर.
खळ लागेना लोखंडाला.
भंगारवाल्याच्या पोराने फुटक्या स्पीकरमधली
दोन चुंबकं आणून दिली. खट, खट.

"वाच ना," त्या म्हणाल्या.
मावशी, तुमचं नाही यात.
"ते समजलं गं. कोण कोण आहे ते वाच."

मी वाचू लागले. पहिलंच नाव पोन्नम्माचं.
प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या,
सुपातलं धान्य पाखडावं तशी, नीट, घाई न करता.
खरटमलांचं आलं नाही तेव्हा
एकदा मागे जाऊन परत वाचायला लावलं.
अठराव्या नावाला म्हणाल्या, "ह्याला कशाला?"
मग गोल खिडकीची काच
पदराने थोडी पुसली.
"असू दे. पुढे वाच."